‘40 ओसा असताना क्रिवाक बुडतेच कशी?’ या प्रतिक्रियेला उत्तर

अनामित महोदय,

‘कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स’ या संगणकीय युद्धखेळातल्या क्रिवाक या सोव्हिएत फ्रिगेटवर (मध्यम आकाराच्या युद्धनौकेवर) मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांना शोधत बसायला नको म्हणून ती जशीच्या तशी इथे देतो:

‘विकिपीडिया वाचून युद्धनौकांवर लिहिणारे वाढलेत. क्रिवाकवर 40 ओसा क्षेपणास्त्रं असताना ती विमानांपुढे टिकत नसेल तर दोष खेळणाऱ्याचा. खेळता येत नसेल तर लिहू नका. तिचीच लेक तलवार आज मुंबईत दिमाखात उभी आहे. बेझझावेत्नीने यॉर्कटाउनला धडक दिली ते विसरलात वाटतं. सोनारला ऐकू येत नाही म्हणता, पण तुमच्याच स्क्रीनशॉटमध्ये बोट 24 नॉटने पळतेय. आणि एकटी क्रिवाक पाठवतं कोण? फोटोही चुकीचा.’

फोटोपासून सुरू करतो, कारण तेवढं तुमचं बरोबर आहे. लेख प्रकल्प 1135 च्या (क्रिवाकचं सोव्हिएत नाव) पहिल्या आवृत्तीवर होता आणि फोटो 1135एमचा लागला होता. मागे 76 मिलिमीटरच्या दोन जोडतोफांऐवजी 100 मिलिमीटरच्या दोन सुट्या तोफा दिसत होत्या. फोटो बदलला. धन्यवाद.

आता भाषेबद्दल. मतभेदाला माझी ना नाही, या लेखांखाली ते रोज होतात आणि व्हावेत. पण ‘खेळता येत नसेल तर लिहू नका’ हा कुठला मुद्दा झाला? हार्पून हा खेळ फ्लॉपीवर मिळत होता तेव्हापासून मी या जातीचे खेळ खेळतोय. कमांडची पहिली आवृत्ती 2013 ला आली, तेव्हापासून त्याचा डेटाबेस उघडून एकेका बोटीच्या नोंदी वाचतोय. हे मिरवायला सांगत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारलंत म्हणजे, निनावी राहून टोमणा मारलात. आणि विकिपीडियाचं म्हणाल, तर 40 हा आकडा तुम्ही कुठून आणलात, तेही एकदा सांगा. कारण जो माणूस 40 मोजून थांबतो, त्याने लाँचर कसा चालतो हे पाहिलेलं नसतं.

तेव्हा तुमच्या त्या एका वाक्याकडे नीट बघू.

क्रिवाकवर ओसा-एम या विमानविरोधी क्षेपणास्त्रांचे दोन लाँचर आहेत. एक पुढे, मेतेल या पाणबुडीविरोधी क्षेपणास्त्राच्या चार नळ्यांच्या पेटीमागे. दुसरा मागे, धुराड्याच्या पलीकडे. प्रत्येकाखालच्या कोठीत 20 क्षेपणास्त्रं, मिळून तुमचे 40. पण प्रत्येक लाँचरला हात दोनच. दोन क्षेपणास्त्रं सुटली की हात खाली जातात, कोठीतून नवी जोडी वर येते आणि मगच पुढचा मारा. याला साधारण 20 सेकंद धरा. प्रत्येक लाँचरला नेम धरणारं रडार एक, नाटोच्या भाषेत पॉप ग्रुप, आणि ते एका वेळी एकाच लक्ष्याला धरतं. क्षेपणास्त्र स्वतः काही शोधत नाही. बोटीवरून रेडिओने हुकूम मिळतो तसं ते वळतं. म्हणजे जोडी लक्ष्यापर्यंत पोहोचेपर्यंत ते रडार अडकलेलं. खेळातही हेच होतं. संदेशपटावर दिग्दर्शक (म्हणजे नेम धरणारं रडार) मोकळा नसल्याची तक्रार येत राहते आणि नवा खेळाडू ‘क्षेपणास्त्रं शिल्लक आहेत, मग सुटत का नाहीत’ म्हणून डोकं धरतो.

आता समोरून हार्पून आणा (खेळ नव्हे, त्याच नावाचं अमेरिकी जहाजविरोधी क्षेपणास्त्र). ते सेकंदाला साधारण 280 मीटरने येतं. ओसाला त्याच्यावर 10 किलोमीटरवर मारा सुरू करता आला, असं उदारपणे धरू. टक्कर होईपर्यंत हातात 36 सेकंद. पहिली जोडी शून्याव्या सेकंदाला गेली; ओसाचा सरासरी वेग सेकंदाला 500 मीटर धरला तर गाठ तेराव्या सेकंदाला पडते. विसाव्या सेकंदाला लाँचर पुन्हा भरला, तेव्हा पुढचं हार्पून साडेचार किलोमीटरच्या आत. दुसरी जोडी गेली, गाठ तीन किलोमीटरच्या आत. तिसरी जोडी चाळिसाव्या सेकंदाला तयार होते. तोवर खेळ आटोपलेला असतो.

म्हणजे एका लाँचरला दोन लक्ष्यं, दोन लाँचरना चार. सगळं काही मनासारखं झालं, एकही नेम चुकला नाही, तरी 40 पैकी 8 क्षेपणास्त्रं वापरली जातात आणि 32 कोठीतच राहतात. बोट बुडाली की तीही तिच्यासोबत तळाला जातात. दोन इंट्रूडर विमानांनी प्रत्येकी तीन हार्पून सोडली की हिशेब संपला. सहातली दोन आत येतात. एकाच्या स्फोटकाग्राचं वजन सुमारे 220 किलो, बोट पूर्ण भारात 3,200 टनांच्या आसपास. आता खेळणाऱ्याचा दोष नेमका कोणत्या सेकंदाला सुरू होतो ते सांगा.

शिवाय ही झाली उदार मांडणी. मूळ ओसा-एमला सुमारे 60 मीटरपेक्षा खालून येणारं लक्ष्य झेपत नव्हतं. नंतरच्या ओसा-एमएने ती मर्यादा बरीच खाली आणली. हार्पून शेवटच्या टप्प्यात लाटांना लागून येतं. म्हणून खेळातली परिस्थिती (सिनॅरिओ) 1970 च्या दशकातली निवडली असेल तर वरचं सगळं गणितच बाद. ओसा बघत बसते. डेटाबेसमध्ये एकाच वर्गाच्या वर्षानुसार वेगवेगळ्या नोंदी आहेत. परिस्थिती बनवताना कोणती उचलली याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तुम्ही कोणती उचललीत?

दिशेचं वेगळंच. हल्ला नाकासमोरून आला तर मागचा लाँचर धुराडं आणि मनोऱ्याआड जातो, लक्ष्यं चारावरून दोनवर. तोफांचा उपयोग नाही, कारण दोन्ही मागे. या बोटीची ओळख पटवायला नाटोच्या खलाशांनी एक यमक जुळवलं होतं, त्यात ‘तोफा मागे’ हा शेवटचा दाखला होता. पुढे एकही नाही. एके-630 सारखी झपाझप गोळ्या झाडणारी जवळची तोफ पहिल्या दोन आवृत्त्यांवर नाहीच. म्हणून मी लेखात लिहिलं होतं की हल्ल्याची दिशा कळताच बोट आडवी घ्या, दोन्ही लाँचर आणि दोन्ही तोफा एकाच बाजूला आणा, रडारला चकवणारे पीके-16 चे रुपेरी पट्ट्यांचे ढग सोडा आणि शस्त्रांच्या नियमांत एका लक्ष्यामागे दोनच क्षेपणास्त्रं ठेवा. हे सगळं करूनही ती टिकेलच असं नाही. विमान ज्या अंतरावरून हार्पून सोडतं तिथे ओसा पोहोचतच नाही. बाण मारणाऱ्याला हात लागत नाही, नुसते बाण झेलायचे.

आणि ओसाचा मला द्वेष आहे असं तुम्हाला वाटलं असेल, तर तसं नाही. माझगाव गोदीत बांधलेली आणि 1983 ला नौदलात आलेली आयएनएस गोदावरी नाकाशी हाच लाँचर घेऊन फिरत होती. कमी उंचीवरून बॉम्ब टाकायला येणाऱ्या विमानाला, हेलिकॉप्टरला ओसा चांगलीच महागात पडते. वेळ पडली तर छोट्या बोटीवरही डागता येते. ज्या काळासाठी बनवली त्या काळात ठीकच होती.

तलवारचं तुम्ही अभिमानाने लिहिलंत. अभिमान मलाही आहे. पण तलवार निघाली ती क्रिवाकच्या तिसऱ्या आवृत्तीच्या वंशातून, जी केजीबीच्या सीमारक्षकांसाठी बांधली होती आणि जिच्यावर मेतेल नव्हतंच, हेलिकॉप्टर होतं. 2003 ला सेंट पीटर्सबर्गहून आलेल्या तलवारवर ओसा नाही, श्तिल ही लांब पल्ल्याची विमानविरोधी क्षेपणास्त्रं आहेत. जहाजांवर मारायची क्लब क्षेपणास्त्रं आहेत, कामोव हेलिकॉप्टर आहे, जवळच्या बचावासाठी काश्तान आहे. गोवा शिपयार्डमध्ये त्याच घराण्यातल्या त्रिपुत आणि तवस्या बांधल्या जातायत, त्यांच्याही पोटात काय आहे बघा. नात नावाजली म्हणून आजीचे दात परत येत नाहीत. डेटाबेसमध्ये दोघींच्या नोंदी शेजारी उघडा, वाद मिटतो.

बेझझावेत्नी ही क्रिवाक विसरलो नाही. 12 फेब्रुवारी 1988, काळा समुद्र, तिच्या तिप्पट वजनाच्या यॉर्कटाउन या अमेरिकी क्रूझरला बाजूने घासत ढकललं. धाडस होतं, दाद दिलीच पाहिजे. पण त्या दिवशी कोणी क्षेपणास्त्र डागलं नव्हतं, आणि खेळात ‘धडक द्या’ असं बटण मला तरी सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर कळवा.

24 नॉटचं म्हणाल तर तो एक स्क्रीनशॉट आहे, अख्खा खेळ नाही. आणि ‘एकटी पाठवतं कोण’ हे माझ्या लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. तिथवर पोहोचला असतात तर बरं झालं असतं.

प्रतिक्रियेत तुम्ही जिला हातच लावला नाही ती तिची खरी कामगिरी. ही पाणबुड्या मारणारी बोट आहे. 1970 च्या अखेरीस पहिली ताफ्यात आली तेव्हा कागदावर तिचा दर्जा ‘मोठी पाणबुडीविरोधी नौका’ होता, 1977 ला तो बदलून पहारा नौका झाला. विमानांशी झगडायला तिला कोणी बांधलंच नव्हतं. तिला चांगलं खेळवायचं असेल (हे तुमच्यासाठी नाही, बाकीच्यांसाठी) तर वेगाची पट्टी फ्लँकवरून (सर्वाधिक वेगावरून) काढा. गॅस टर्बाइन 32 नॉट देतात खरे, पण त्या वेगात सोनार बहिरं होतं आणि इंधनही भराभर जातं. क्रूझच्याही खाली या. नाकातलं तितान-2 सोनार समुद्रातल्या तापमानाच्या थराच्या वरचं ऐकतं. मागून केबलने सोडलं जाणारं वेगा सोनार थराखाली जाऊ शकतं, आणि या बोटीचा निम्मा जीव त्या केबलच्या टोकाला आहे. दोन क्रिवाक जोडीने ठेवा. एक हळू राहून ऐकेल, दुसरी पुढे पळेल, मग अदलाबदल. फॉर्मेशनच्या खिडकीत याची सोय आहे.

मेतेल डागायचं तर घाई नको. त्याचा पल्ला 50 किलोमीटरच्या आसपास, पण तितक्या लांब स्वतःच्या सोनारला क्वचितच काही सापडतं. तिथे कारा किंवा क्रेस्टा-2 या मोठ्या सोव्हिएत युद्धनौकांवरचं कामोव-25 हेलिकॉप्टर पुढे पाठवून पाण्यात सोनार बुडवायला लावा, आणि त्याने पक्की जागा दिली की दोन सोडा. एकच सोडलं तर लॉस एंजेलिस वर्गाची पाणबुडी टॉर्पेडोचा आवाज ऐकून वळते आणि पळते. टॉर्पेडो छत्रीने पाण्यात उतरून वर्तुळ मारत शोधतो, तोवर ती त्या वर्तुळाबाहेर. दुसरं मेतेल पहिल्याच्या पुढे, तिच्या पळण्याच्या दिशेला टाका. वाटेत बोटीलाच त्याला रेडिओने हाकावं लागतं, म्हणजे गुपचूप बसण्याचा बेत त्या क्षणी संपला. रडार बंद ठेवून मेतेल डागणारे आणि वर ‘मला कोणी पाहिलं कसं’ विचारणारे बरेच भेटलेत.

अगदी जवळ मेतेल चालत नाही. तिथे टॉर्पेडोच्या 533 मिलिमीटरच्या आठ नळ्या. त्यात सेट-65 असतील तर पाणबुडीवर, 53-65के असतील तर जहाजावर. सहा किलोमीटरच्या आत आरबीयू-6000, दोन लाँचरच्या मिळून 24 रॉकेटांचा सडा. पाणबुडी उथळ पाण्यात असेल तर हे हत्यार लोक समजतात त्यापेक्षा बरंच घातक आहे. खोल पाण्यात मात्र रॉकेट खाली बुडेपर्यंत ती निघून गेलेली असते.

मूळ मेतेलचा जहाजांवर उपयोग नाही. रास्त्रुब या त्याच्या नंतरच्या आवृत्तीचा होतो, पण त्यावर भरवसा ठेवून क्रिवाकला समोरच्या ताफ्याशी भिडवू नका. ते ध्वनीपेक्षा हळू येतं, बोटीवर असतात चारच, आणि ती चार गेली की पाणबुडीसाठी लांब पल्ल्याचं काही उरत नाही.

आता वाद घालायचाच असेल तर असा घाला. एडिटर उघडा. 1135 ची एक नोंद, ओसा-एमए असलेल्या काळातली, नॉर्वेच्या समुद्रात ठेवा. कौशल्य दोन्ही बाजूंना सारखं, हवामान स्वच्छ, तिच्याजवळ दुसरं काही नको. 100 किलोमीटरवर दोन इंट्रूडर, प्रत्येकी तीन हार्पून, सगळी एकाच वेळी सोडायची. तुम्हाला हवं तसं वळवा, हवे ते नियम लावा. मग संदेशपटाची नोंद काढून खाली चिकटवा, कापाकापी न करता. आणि या वेळी नाव टाका.