नकाशा, वासोटा आणि ग्रँड कॅनियन : एका प्रतिक्रियेला उत्तर

सांगलीच्या वाचकमित्रांस सप्रेम नमस्कार.

ग्रँड कॅनियनच्या सहलीची आखणी कशी करावी, या माझ्या लेखाखाली आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देता आले असते, पण विषय तेवढ्यात संपणारा नाही, म्हणून हे स्वतंत्र लिहितो. इतर वाचकांना संदर्भ लागावा यासाठी आपले म्हणणे आधी थोडक्यात नोंदवतो. आपण लिहिता की, लेख घरात बसून, नकाशा समोर ठेवून लिहिल्यासारखा वाटतो. वासोटा चढणाऱ्या माणसाला दक्षिण कड्यावरून दरीत उतरणाऱ्या ब्राइट एंजलच्या पायवाटेची भीती घालणे हास्यास्पद आहे. आपण लास व्हेगासहून एका दिवसात सगळे पाहून आलात, काचेच्या पुलावरही उभे राहिलात, तेव्हा दोन रात्री मुक्काम करा हा सल्ला म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत, उत्तरेकडच्या कड्याबद्दल काही नाही आणि लेख फार लांबला आहे. येत्या जुलैत आपला पुतण्या तिकडे जाणार आहे आणि त्याला ‘नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी वर यायला’ आपण सांगणार आहात, असेही आपण लिहिले आहे. शेवटी माझ्यासाठी निरोप आहे : ‘मास्तर, जरा घराबाहेर पडा.’

मतभेदाला माझी हरकत नाही. साताऱ्यातल्या शाळेत भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि भर वर्गात उभे राहून माझे म्हणणे खोडून काढणारी मुले मला नेहमीच प्रिय वाटली. पण त्या मुलांना बोलण्याची रीत होती. आपल्या प्रतिक्रियेत मुद्दा एका ओळीचा आणि टोमणे चार ओळींचे आहेत. ज्याला आपण कधी भेटला नाहीत, ज्याने आपले काही वाकडे केलेले नाही, त्याला घराबाहेर पडण्याचा उपदेश करण्यापूर्वी आपण घटकाभर थांबला असता, तर बरे झाले असते.

आकड्यांबद्दलची आपली सूचना मात्र रास्त आहे. आपल्या वाचकाला सेल्सियसची सवय आहे, तेव्हा लेखात दोन्ही आकडे शेजारी शेजारी असावेत, हे मान्य. आजच मी ते घातले आहेत. उन्हाळ्यात दरीच्या तळाशी पारा १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत सहज जातो, म्हणजे सुमारे ४१ अंश सेल्सियस. हा आकडा ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

आता नकाशाबद्दल. होय, मी नकाशा समोर ठेवूनच लिहितो आणि यात कमीपणा कसला, हे मला खरोखरच समजलेले नाही. दहावीच्या मुलांना स्थलनिर्देशक नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, वाचायला शिकवताना मी एकच गोष्ट घोटून घेत असे : रेषा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे उतार उभा असतो आणि तिथे अंतर मैलांत मोजून भागत नाही. ग्रँड कॅनियनचा नकाशा पाहिला तर दक्षिण कड्यावरचे मुक्कामाचे गाव आणि समोरचा उत्तर कडा यांच्यात हवाई अंतर जेमतेम दहा मैल, म्हणजे सोळा किलोमीटर भरते. मोटारीने मात्र तेच अंतर दोनशे मैलांच्या वर जाते आणि त्याला पाच तास लागतात, कारण दरीला वळसा घातल्याखेरीज पलीकडे जाता येत नाही. ही गोष्ट ज्याने नकाशावर आधी पाहिलेली नसते, तो ‘सकाळी हा कडा, दुपारी तो कडा’ असा बेत आखून येतो आणि सगळा दिवस गाडीत काढतो. मी ज्यांच्यासाठी लिहितो, ते वाचक बहुतेक मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला गेलेले आईवडील आहेत. त्यांना असा दिवस परवडत नाही, शरीरालाही आणि मनालाही.

लेख मात्र घरी बसून लिहिलेला नाही. माझी लेक फिनिक्सला असते. तिच्याकडून मोटारीने दक्षिण कडा साधारण साडेतीन तासांवर आहे. मी तो रस्ता पाहिलेला आहे, त्या कड्यावर राहिलेला आहे आणि ब्राइट एंजलची वाट माझ्या पायांनी उतरून चढलेला आहे.

याच वाटेबद्दल आपण वासोट्याचा दाखला दिला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. वासोट्याचे मला कौतुक सांगू नये. बामणोलीला वनखात्याची परवानगी काढून, शिवसागरातून लाँचने पलीकडे जाऊन तो गड मी विद्यार्थ्यांना घेऊन केलेला आहे. त्या मुलांची जबाबदारी माझ्यावर असे, त्यामुळे कोण कुठे दमतो, हे मी बारकाईने पाहिलेले आहे. आपल्या सगळ्या गडांची घडण अशी की चढ आधी आणि उतार नंतर. सकाळचा गारवा, भरलेले पोट, ताजे पाय, हे सगळे चढासाठी वापरले जाते. छाती भरून आली की माणूस झाडाखाली बसतो, फारच झाले तर म्हणतो, ‘तुम्ही पुढे व्हा, मी इथूनच मागे फिरतो,’ आणि मागे फिरणे म्हणजे उतरणे असते. सह्याद्री चुकलेल्या माणसाला अशी सवलत देतो.

कॅनियन ती देत नाही. तिथे उतार आधी असतो. पहाटेच्या गार हवेत, कड्यावरच्या पाइनच्या वासात, माणूस रमतगमत खाली जातो आणि पाय इतके सहज पडतात की आपण किती खोल आलो याचा अंदाज राहत नाही. परतायचे ठरते तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला असतो, पाय उताराने थरथरत असतात आणि पुढे फक्त चढ उरलेला असतो. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा, असे तिथले रेंजर, म्हणजे उद्यानाचे रक्षक, सांगतात. शिवाय जसजसे खाली जावे तसतशी हवा तापत जाते. कड्यावर जुलैमध्ये साधारण तीस अंश असते, तेव्हा तळाशी वर सांगितलेले एक्केचाळीस अंश असतात, आणि तळाचे काळसर खडक दिवसभर शोषलेली उष्णता संध्याकाळनंतरही बाहेर टाकत राहतात. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर आहे आणि दक्षिण कडा २१०० मीटरच्या आसपास. म्हणजे चढाचा शेवटचा, सर्वांत दमलेला टप्पा विरळ हवेत येतो.

साताऱ्याच्या माणसाला समजेल असे सांगतो. अजिंक्यतारा शहरापासून साधारण तीनशे मीटर उंच आहे. ब्राइट एंजलच्या वाटेवर दीड मैलावर पहिला निवारा लागतो, तो कड्यापासून जवळपास साडेतीनशे मीटर खाली आहे. तिथवर जाऊन परतणे म्हणजे एक अजिंक्यतारा उलटा करणे. कोलोराडो नदी त्याच कड्याच्या १३०० मीटरहून अधिक खाली आहे, म्हणजे एकावर एक असे चार अजिंक्यतारे, दुपारच्या उन्हात. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतू नये, अशा पाट्या तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने स्वतः वाटेवर लावलेल्या आहेत. त्यांनाही घराबाहेर पडा असे आपण सांगणार आहात का?

त्या दीड मैलाच्या निवाऱ्यापाशी मी पाहिलेला एक मुलगा अजून डोळ्यांसमोर आहे. हैदराबादकडचा, पंचविशीतला, अंगाने काटक. दगडी भिंतीच्या सावलीत तो बसला होता. काळ्या शर्टवर घाम वाळून मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते आणि बिस्किटाचा पुडा फोडताना त्याची बोटे थरथरत होती. पाणी तो भरपूर प्यायला होता, पण सकाळपासून खाल्ले काहीच नव्हते. नुसते पाणी पीत राहिले आणि घामावाटे गेलेले मीठ पोटात गेले नाही, तर रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस गरगरतो, उलट्या करतो आणि वेळेवर लक्ष दिले नाही तर जिवावर बेतते. एक रेंजर बाई त्याच्या शेजारी बसून खारट खायला देत होत्या आणि ऊन उतरेपर्यंत हलायचे नाही असे बजावत होत्या. ‘मी नेहमी ट्रेक करतो, मला कधी काही होत नाही,’ असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आपली प्रतिक्रिया वाचताना मला त्याचाच आवाज ऐकू आला. मी कोणाला भीती घातलेली नाही. जे पाहिले ते लिहिले.

एका दिवसात ‘सगळे’ पाहिल्याबद्दल. ज्या काचेच्या पुलावर आपण उभे राहिलात, तो २००७ साली खुला झाला आणि तो हुआलापाई या मूलनिवासी समाजाच्या जमिनीवर आहे. ती जागा राष्ट्रीय उद्यानात येत नाही, तिचे तिकीट वेगळे असते आणि उद्यानाचा पास तिथे चालत नाही. लास व्हेगासहून ती सुमारे दोन तासांवर आहे, तर दक्षिण कडा साडेचार तासांवर. दोन्ही ठिकाणांच्या मध्येच चार तासांहून अधिक रस्ता आहे. आपण पाहिलेली जागा सुंदरच असेल. त्या समाजाला त्यातून उत्पन्न मिळते, हेही चांगलेच आहे. परंतु माझा लेख ज्या उद्यानाबद्दल आहे, त्या उद्यानात आपण गेलेलाच नाहीत आणि तरीही तिथे किती दिवस लागतात हे मला शिकवत आहात, याचा मला मनापासून राग आला, हे लपवत नाही.

दोन रात्री कशासाठी, याचे उत्तर लेखात होते, पण लांबी पाहून आपण ते सोडले असावे. भर दुपारी दरी सपाट आणि धुरकट दिसते. थरांच्या कडा उठून दिसतात त्या तिरप्या उन्हात, म्हणजे उगवतीला आणि मावळतीला. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, विजा पडतात आणि कड्यावरून मागे यावे लागते. ज्याच्या हाती एकच दुपार आहे त्याची ती वाया जाते. पश्चिमेकडचा हर्मिट रस्ता मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो, तिथे उद्यानाच्या मोफत शटल बसने, थांब्याथांब्यावर उतरत जावे लागते आणि त्यातच निम्मा दिवस जातो. हिवाळ्यात लास व्हेगासहून निघणाऱ्याला आणखी एक खबरदारी घ्यावी लागते : अ‍ॅरिझोनाचे घड्याळ तेव्हा एक तास पुढे असते, आणि सूर्यास्त गाठायला निघालेली माणसे अंधारात पोहोचतात.

आणि ज्यांना दरीत उतरायचेच नाही, त्यांच्यासाठी कड्यावरून जाणारी ‘ट्रेल ऑफ टाइम’ नावाची सपाट वाट आहे, जिच्यावर एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे असा हिशेब धरून खुणा बसवलेल्या आहेत. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात, त्यामुळे मी खाली गेलो तेव्हा त्या आणि लेक या वाटेने चालल्या. दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर तीच वाट धरली. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे तो सुरुवातीच्या पासष्ट-सहासष्ट मीटरांतच येऊन जातो. कड्यावरचा चुनखडक सत्तावीस कोटी वर्षांचा आहे, आणि नदीकाठच्या काळ्या खडकापर्यंत पोहोचायला दीड किलोमीटरच्या पुढे चालावे लागते. त्या खडकाचे वय पावणेदोनशे कोटी वर्षांच्या घरात आहे आणि त्याचे नाव ‘विष्णु शिस्ट’ असे आहे. जन्मभर फळ्यावर खडूने लिहिलेली कालगणना मी त्या दिवशी पायांनी चाललो. हे बसच्या वीस मिनिटांच्या थांब्यात होत नाही.

उरलेल्या मुद्द्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. खर्च ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करावा. मुक्काम बाहेर विल्यम्स किंवा फ्लॅगस्टाफलाही करता येतो आणि ते लेखात होते. आतल्या हॉटेलांचे बुकिंग वर्षभराहून आधी सुरू होते, ही काही माझी हौस नव्हे. कासची फुले पाहायलाही आता आपण हंगामात आधी ऑनलाइन नोंदणी करतोच. उत्तरेचा कडा हिवाळ्यात बंद असतो आणि जुलै २०२५ मधल्या वणव्यात तिथले जुने लॉज जळून गेले, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी मी तो घेतला नाही. लांबीबद्दल एवढेच म्हणतो की वाचण्याची सक्ती नव्हती.

आपल्या पुतण्याबद्दल मात्र मला काळजी वाटते, आणि आपल्या-माझ्या वादात त्या मुलाने सापडू नये. त्याला तळाशी जायचेच असेल, तर खाली फँटम रँच हे मुक्कामाचे ठिकाण आहे. तिथली जागा सोडतीने मिळते आणि ती सोडत वर्षभराहून आधी निघते. तंबूत राहायचे तर उद्यानाचा परवाना लागतो. या जुलैसाठी यातले काही हाती नसेल, तर त्याने दीड मैलाच्या निवाऱ्यावरूनच मागे फिरावे. उजाडता उजाडता निघावे, पाण्याबरोबर शेंगदाणे, चिवडा, काहीतरी खारट जवळ ठेवून मध्ये मध्ये खात राहावे, आणि दहाच्या आत पुन्हा कड्यावर यावे, कारण दहा ते चार या वेळेत उन्हाळ्यात खालच्या वाटांवर चालू नये, असे उद्यानच सांगते. निवाऱ्यापाशी नळाचे पाणी उन्हाळ्यात असते, पण दरीतली जुनी पाइपलाइन फुटली की तेही बंद पडते, म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने माहिती केंद्रात नळ चालू आहेत का, हे विचारून घ्यावे. माझे नाव सांगायचे नसेल तर नका सांगू, पण हा परिच्छेद त्याला जरूर पाठवा. त्याला आणखी काही विचारायचे असल्यास त्याने थेट मला लिहावे, मी त्याच दिवशी उत्तर देईन.