‘रन ऑफ द मिल’ म्हणजे टाकाऊ नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांमध्ये इंग्रजी वाक्प्रचारांविषयीचा एक संदेश सध्या फिरतो आहे. ‘रन ऑफ द मिल’ म्हणजे टाकाऊ, हलक्या प्रतीचा. तो पिठाच्या गिरणीत उरणाऱ्या कोंड्यावरून आला. माल गिरणीतून बाहेर पडतो म्हणून त्यातील ‘ऑफ’मध्ये दोन ‘एफ’ लिहावेत. आणि माणसांसाठी तो कधीच वापरू नये, अशी चार विधाने त्यात आहेत. आपली मुले हे पाठ करून परीक्षेत आणि मुलाखतीत वापरणार असल्यामुळे त्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण चारही विधाने चुकीची आहेत.

उगमापासून सुरुवात करू. इंग्रजीत ‘मिल’ म्हणजे केवळ पिठाची गिरणी नव्हे. 1885 साली स्थापन झालेली गोकाकची सूतगिरणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. ‘रन’ म्हणजे येथे धावणे नसून, यंत्र चालले असता त्यातून उतरणारे एकूण उत्पादन होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत न निवडलेल्या गिरणी-मालासाठी, विशेषतः कापडासाठी, हा शब्दप्रयोग होत असे. खाणीतून निघालेल्या न चाळलेल्या कोळशालाही याच धर्तीचे नाव आहे. त्यात कोंड्याचा संबंध कोठेही येत नाही.

अर्थाचा उलगडाही येथेच होतो. बेळगावातील खासबाग किंवा वडगावच्या यंत्रमागावरून उतरलेली साडी उजेडासमोर धरून पाहिली जाते. कोठे ताण्याचा म्हणजे उभा धागा तुटलेला असतो, कोठे तेलाचा डाग पडलेला असतो, कोठे बाणा म्हणजे आडवा धागा विरळ होऊन आडवी पट्टी उमटलेली असते. अशा साड्या बाजूला काढल्या की उरतो तो चोख माल, आणि बाजूला पडतो तो डागी. पण ही निवड होण्याआधी मागावरून जे सगळे उतरले, तो ‘रन’. म्हणजे आपल्या बाजारातला सरसकट माल. त्यात उत्तम नगही असतात आणि सदोषही, म्हणूनच ‘विशेष काही नसलेला, सर्वसाधारण’ असा अर्थ त्याला चिकटला. डागी मालासाठी इंग्रजीत ‘सेकंड्स’ हा वेगळा शब्द आहे आणि संदेशकर्त्याने नेमकी हीच गल्लत केली आहे. या वाक्प्रचारात किंचित नापसंतीची छटा असते, हे मान्य करायला हवे. ‘चारचौघांसारखा’ म्हणताना मराठीतही ती असतेच. परंतु डॉक्टरांनी एखाद्या तापाला ‘रन ऑफ द मिल’ म्हटले, तर तो नेहमीचाच ताप आहे, घाबरण्याचे कारण नाही, असा दिलासा त्यातून मिळतो. तेथे ‘टाकाऊ’ हा अर्थ घालून पाहावा, म्हणजे वाक्य किती निरर्थक होते ते कळेल.

दोन ‘एफ’ची चूक भारतात फार पसरली आहे, आणि तिचे कारण आपल्या लिपीत आहे. ‘बँक ऑफ इंडिया’ आणि ‘स्विच ऑफ’ या दोन्हींतला ‘ऑफ’ आपण एकसारखाच लिहितो. बेळगावातील कन्नड पाट्यांवरही फरक दिसत नाही. इंग्रजीत मात्र पहिल्यात एक ‘एफ’ असून उच्चार ‘ऑव्ह’कडे झुकतो, तर दुसऱ्यात दोन ‘एफ’ असतात. या वाक्प्रचारातला ‘ऑफ’ बँकेच्या नावातला आहे, म्हणजे ‘गिरणीचे उत्पादन’ या षष्ठीच्या अर्थाचा. नामाआधी विशेषण म्हणून येताना चारही शब्द लहान आडव्या रेघांनी जोडून लिहावेत.

राहिले माणसांविषयीचे विधान. इंग्रजीत सामान्य कुवतीचा वकील, खेळाडू किंवा राजकारणी यांच्यासाठी हा वाक्प्रचार सर्रास वापरला जातो. मुलाखतीत स्वतःच्या कामाविषयी तो वापरू नये, एवढाच सल्ला योग्य ठरला असता. कारण आपल्यात वेगळे काय आहे हे विचारले जात असताना ‘माझ्यात विशेष काही नाही’ असे उत्तर त्यातून जाते.