पाच पौंड इकडे-तिकडे

टेक्सास सरकारला माझं वजन कशासाठी हवं आहे, हे मला अजून कळलेलं नाही. परवाना मासे धरायचा होता. मासे मी धरणार, मासे मला धरणार नाहीत. वजन करायचंच तर त्यांचं करा.

पण टेक्सास-ओक्लाहोमाच्या सीमेवरच्या टेक्सोमा तलावाजवळच्या त्या आमिषाच्या दुकानात काउंटरवरच्या बाईंनी आधी ड्रायव्हिंग लायसन्स घेतलं, मग सोशल सिक्युरिटी नंबर, मग उंची, डोळ्यांचा रंग, केसांचा रंग (इथे मान वर करून केस आहेत ना याची त्यांनी खात्री करून घेतली) आणि मग शनिवारी सकाळी सातला गच्च भरलेल्या दुकानात, पार मागच्या फ्रिजपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "वजन?"

"एकशे अडुसष्ट पौंड."

हा आकडा माझ्या डॉक्टरांच्या फायलीत आहे. कुठल्या वर्षीच्या, ते फॉर्मवर विचारलेलं नाही.

"एकशे ब्याण्णव," मागून आवाज आला.

वळून पाहिलं तर रांगेत पंचाहत्तरीचे एक आजोबा. रंग उडालेली टोपी, हातात मिनो नावाच्या बारीक माशांची बादली. ते माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर कमरेपासून निघून पाठीवरून खांद्यापर्यंत गेली, तिथे जरा थांबली आणि परत खाली आली. "बुटांसकट," त्यांनी पुस्ती जोडली. "पाच पौंड इकडे-तिकडे."

बाई हसल्या असत्या तरी चाललं असतं. त्या हसल्या नाहीत. निर्विकार चेहऱ्याने त्यांनी मला विचारलं, "मग काय टाकू?"

हा काय प्रश्न झाला? वजन माझं, परवाना माझा, बारा डॉलर माझे. मी पुन्हा ठासून एकशे अडुसष्ट म्हणालो. आजोबांनी मान हलवली, माझ्याकडे बघून नव्हे, बाईंकडे बघून. बाईंनी क्षणभर विचार केला आणि १८० टाकलं. बरोबर मधला आकडा. सौदा पटला, कागद छापून आला आणि माझ्या दोन्ही मुलांनी तो माझ्याआधी वाचला.

आमच्याकडे वजन करण्याची काही रीत होती. दादर स्टेशनवर ते रंगीत दिव्यांचं यंत्र असायचं. त्यावर उभं राहायचं, चक्र थांबेपर्यंत दम धरायचा, नाणं टाकायचं, की खटकन एक जाड तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला "तुम्ही मनमिळाऊ आहात, लवकरच धनलाभ संभवतो." वजन वाचून झालेल्या दुःखावर तिथल्या तिथे फुंकर. शिवाय तिकीट तुमच्या हातात, तुमच्या खिशात. मागच्या माणसाला बोलायची सोय नाही. टेक्सासमध्ये एवढी यंत्रं आहेत, पण हे नाही.

आता एवढं करून टेक्सोमालाच का? तर स्ट्राइप्ड बाससाठी. इथले लोक त्याला नुसतं 'स्ट्रायपर' म्हणतात. रुपेरी अंग, त्यावर डोक्यापासून शेपटापर्यंत काळ्या पट्ट्या. मूळचा अटलांटिक समुद्रातला. अंडी घालायला नद्यांमध्ये शिरतो आणि परत जातो. साउथ कॅरोलायनात १९४१ साली सँटी आणि कूपर नद्यांवर धरणं झाली, काही मासे आतच अडकले, आणि परत जाण्याऐवजी तिथेच वाढले. तेव्हा कुठे लोकांना कळलं की हा गोड्या पाण्यातही राहू शकतो. (ही गोष्ट सांगितली की आमच्या मंडळातली मंडळी व्हिसा, ग्रीन कार्ड वगैरे आठवून उगाच भावुक होतात. म्हणून मी ती सांगायची बंद केली आहे.) मग ठिकठिकाणच्या तलावांत सरकारने याची पिल्लं सोडली. बहुतेक तलावांत ती दरवर्षी सोडावीच लागतात, कारण याची अंडी वाहत्या पाण्यात सुमारे दोन दिवस तरंगत राहावी लागतात, बुडाली की संपली. टेक्सोमाला मात्र रेड आणि वॉशिता या दोन नद्या मिळतात, त्यांना वाहायला पुरेशी लांबी आहे, रेड नदीचं पाणी मुळातच थोडं खारट आहे, त्यामुळे इथला स्ट्रायपर आपला संसार आपण चालवतो.

हे सगळं मी मुलांना सांगायचं ठरवून पाठ करून आलो होतो. हा तलाव ज्याने झाला ते डेनिसनचं धरण १९४४ साली पुरं झालं, त्याच्या कामावर जर्मन युद्धकैदी होते, आणि त्याच डेनिसन गावात १८९० साली जन्मलेला आयसेनहॉवर, दोस्त राष्ट्रांचा सरसेनापती, त्या वर्षी नॉर्मंडीत जर्मनांशी लढत होता, हा तर माझा हुकमाचा एक्का होता. डॅलसजवळच्या आमच्या प्लेनोहून ७५ नंबरचा हायवे धरला की तास-सव्वा तासाचा रस्ता. पण दुकानापासून पार्कपर्यंत मागच्या सीटवर एकच चर्चा.

"बाबा, वन नाइन्टी टू म्हणजे किलोमध्ये किती?" निहार, वय आठ.

"सत्त्याऐंशी," आर्या, वय अकरा. हिला गणितात मदत लागते म्हणून मी दर बुधवारी शिकवणीचे पैसे भरतो.

बोट आमच्याकडे नव्हती. गाइडच्या बोटीतून न्यावं तर एका सकाळच्या पैशांत आमच्या घरी सहा महिने सुरमई येईल. म्हणून आयसेनहॉवर स्टेट पार्कच्या काठावरूनच गरवायचं ठरलं. कड्याखाली खडकांवर चांगली जागा सापडली, मी खुर्च्या मांडल्या, रॉड जोडले, आणि निहारच्या रॉडच्या दोऱ्याचा गुंता सोडवायला बसलो. डोकं वर केलं तर वीस पावलांवर तीच रंग उडालेली टोपी.

आजोबांनी मला ओळखलं. "एकशे ब्याण्णव!" ते आनंदाने ओरडले. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही, लागलंच नाही.

खुलासा पुढच्या दहा मिनिटांत झाला. गृहस्थांनी सगळी हयात गुरांच्या लिलावात काढली होती. वासरू दारातून आत येतं, एक गिरकी घेतं, बाहेर जातं. तेवढ्या वेळात त्याचं वजन डोळ्यांनी तोलून बोली लावायची. चुकलं तर पैसे स्वतःचे. "चाळीस वर्षांत," ते म्हणाले, "पाच पौंडांच्या बाहेर मी फारसा गेलो नाही. माणसं तर सोपी. माणसं हलत नाहीत."

"पण माणसांचं कशाला करता?" मी विचारलं. थोडं तिखट विचारलं.

"रिटायर झालो ना पोरा. गुरं राहिली नाहीत."

यावर काय बोलणार? मी गळाकडे वळलो. मुलं मात्र वळली नाहीत. निहारने जाऊन आजोबांना आमचा कूलर उचलून दाखवला. "अठ्ठावीस," आजोबा म्हणाले. "बर्फ अर्धा वितळलाय." माझ्याकडे माशांचं वजन करायला घेतलेला, हुक असलेला डिजिटल काटा होता. आर्याने तो बॅगेतून काढला, दोघांनी कूलर टांगला. सत्तावीस पॉइंट सहा. नंतर माझी सामानाची पेटी. नंतर एक दगड. नंतर आर्याची बॅग, जिच्यात तिने मासेमारीसाठी तीन पुस्तकं का आणली होती देव जाणे. नंतर निहारचा एकच बूट, तो तर त्यांनी औंसात सांगितला. प्रत्येक वेळी काटा, प्रत्येक वेळी किंचाळी, प्रत्येक वेळी आजोबा टोपी जरा मागे सारून "पुढचं आणा" म्हणायचे. पलीकडच्या कुटुंबाने आपला कुत्रा आणला. कुत्रा काट्याला टांगता येईना, तर त्या बाईंनीच सांगितलं की गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडे एकसष्ट भरला होता. आजोबा आधीच साठ म्हणून बसले होते.

म्हणजे तलाव एकोणनव्वद हजार एकरांचा, पाण्यात समुद्रातून आलेला देखणा मासा, वर ऑक्टोबरचं निळं आकाश, आणि माझी मुलं दगड मोजतायत. घरी टॅब्लेट नको, निसर्गात जाऊ, असं म्हणून मी पहाटे साडेपाचला उठलो होतो. दोन रॉड, रीळ, दोरा, जिवंत मिनो, पार्कचं प्रवेशशुल्क, वर परवाना. बापाने एवढं करायचं आणि मुलांच्या लक्षात राहणार बूट मोजणारा माणूस. पालकत्वावरची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी यावर एक ओळ लिहिलेली मला आढळलेली नाही.

आणि मग माझा रॉड वाकला.

खोटं सांगत नाही, रीळ किर्र करून ओरडलं. मुलं धावत आली. मी दोन पावलं पाण्यात गेलो, टोक वर धरलं, ओढलं, सोडलं, ओढलं. मासा वर आला तेव्हा उन्हात चमकला, पट्ट्या दिसल्या, आणि मी, कणकवलीच्या बाजारात आईच्या पिशवीमागे उभं राहून मोठा झालेला माणूस, ओरडलो, "स्ट्रायपर! चार पौंडांचा तरी आहेच!"

आजोबा सावकाश उठून आले. लांबूनच बघितलं.

"पावणेदोन. आणि हा सँडी आहे."

सँडी म्हणजे सँड बास, स्ट्रायपरचा धाकटा चुलतभाऊ. "पट्ट्या तुटक आहेत बघ. अंग आखूड आणि उंच. खात्री नसेल तर जिभेवर बोट फिरव. स्ट्रायपरच्या जिभेवर दातांचे दोन पट्टे असतात, याच्या एकच."

मला खात्री होती. तरी मुलं बघत होती म्हणून मी माशाच्या तोंडात अंगठा घातला. चाळिशी ओलांडलेला, गृहकर्ज फेडणारा, टीममध्ये अकरा माणसं हाताखाली असणारा मी, एका परक्या म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून माशाची जीभ चाचपत उभा होतो. खरखरीत पट्टा लागला. एकच.

आर्याने काटा पुढे केला. एक पॉइंट सात चार.

थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. निहारच्या डोक्यात काहीतरी फिरताना मला दिसत होतं, आणि ते कुठे जाऊन थांबणार हेही दिसत होतं.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "मासा बरोबर, कूलर बरोबर, डॉगी बरोबर... मग बाबा पण..."

"बाबांनी बूट घातलेत," मी म्हणालो.

"बूट धरूनच सांगितलं होतं," आजोबा म्हणाले.

मी विषय बदलावा म्हणून परवाना काढला आणि विचारलं, की स्ट्रायपर लागलेच तर दहाच ठेवायचे ना, आणि त्यात वीस इंचांचे आणि त्यावरचे फक्त दोन? आजोबांनी कागदाकडे पाहिलं. "नियम बरोबर. पण तो कशाला आणलास? स्टेट पार्कच्या काठावरून गरवायला परवाना लागत नाही."

"लागत नाही?"

"टेक्सासच्या कुठल्याच स्टेट पार्कमध्ये लागत नाही. बोटीतून जायचं तर गोष्ट वेगळी."

"तुम्ही दुकानात माझ्या मागे उभे होतात!"

"होतो की."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

आजोबांना या प्रश्नाचं खरोखर आश्चर्य वाटलं. "तू वजन सांगत होतास," ते म्हणाले. "आणि बाईंचंही दुकान चालायला नको?"

म्हणजे चुकीचं वजन सहन होत नाही, फुकट गेलेले बारा डॉलर सहन होतात. ही कुठली नीतिमत्ता? आणि बारा डॉलरचा तो परवाना 'वार्षिक' म्हणायचा, पण संपणार ३१ डिसेंबरला. ऑक्टोबरात घेणाऱ्याला अडीच महिने. चांगली बाजू बघायची तर तेवढ्या अवधीत माझा परवाना तलावाच्या टेक्सासच्या आणि ओक्लाहोमाच्याही पाण्यात चालतो, म्हणजे तपासणी झालीच तर माझं वजन दोन राज्यांना कळू शकतं.

सँडी घरी आणला. साफ केल्यावर त्याच्या दोन फोडी निघाल्या. बायकोने तिरफळं घालून तिखलं केलं, ते उत्तम झालं हे कबूल, पण वाढताना म्हणाली की एशियन मार्केटमध्ये याचाच संकरित भाऊ टाकीत जिवंत मिळतो आणि ते साफही करून देतात. आईला फोनवर फोटो पाठवला. तिचं उत्तर, "मेल्या, थंय बाजारात मासे गावनत नाय काय?" मुलांनी मासा खाल्ला नाही. त्यांनी तो कच्चा, शिजलेला आणि काटे काढलेला असा तीनदा मोजला.

दुसऱ्या आठवड्यात मंडळाचा दिवाळी कार्यक्रम होता. फराळाच्या रांगेत आमच्या पुढे एक काकू. पैठणी, नथ, हातात चकल्यांची प्लेट. आर्या त्यांच्याकडे बघत होती. डोळे बारीक केलेले, नजर कमरेवरून निघून खांद्यापर्यंत जाऊन परत खाली येणारी. मी पुढे होऊन तिचा हात धरेपर्यंत उशीर झाला होता.

"वन सिक्स्टी थ्री," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "साडीसकट."

काकू माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या आहेत. आर्याशी बोलतात. परवा मंदिरात त्यांनी तिला खांबाआड घेऊन विचारलं, काकांचं किती असेल.