डीएनआरवर सही केली म्हणजे उपचार बंद होत नाहीत

‘डीएनआरवर सही केली की सलाईन, ऑक्सिजन, औषधं सगळं काढतात, सही करू नका’ हा मेसेज डिचोली-साखळीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

डीएनआर म्हणजे हृदय किंवा श्वास थांबल्यावर छाती दाबणं, शॉक देणं असे प्रयत्न करायचे नाहीत. एवढंच. बाकी उपचार चालू राहतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. मी ते जवळून पाहिलंय. आईसाठी सही करताना माझा हात थरथरत होता. पण त्यानंतरही तिचं अँटिबायोटिक चालू होतं, दुखण्याचं औषध वेळेवर मिळत होतं, नर्स येऊन कूस बदलून जायची. गिळता येत होतं तोवर मी तिला चमच्यानं पेज भरवली.

रुग्ण शुद्धीवर असेल तर निर्णय त्याचाच, आणि मत बदललं तर तो मागेही घेता येतो. लिव्हिंग विल, म्हणजे पुढे आपण सांगू शकलो नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, हा वेगळा कागद. त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या आदेशाप्रमाणे दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो.

सही करावी की नाही, ते डॉक्टरांशी बसून, घरच्यांशी बोलून ठरवा. पण ज्यांचं माणूस आज आयसीयूत आहे, त्यांना या मेसेजनं घाबरवू नका. पुढे पाठवला असेल तर कृपया त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.