ट्रिपवर अटॅक आला तर भरपाई मिळते का?

ट्रक चालवताना ड्रायव्हरला अटॅक आला आणि तो गेला, की घरच्यांना सांगतात, "हे तर नैसर्गिक मरण, यात केस होत नाही." हे खोटं आहे. केस होते, पण आपोआप जिंकता येत नाही.

1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात (आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे) व्यवसायजन्य आजारांची यादी आहे. सिलिकोसिस (धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) आहे, आवाजाने आलेला बहिरेपणा आहे. ताणाने येणारा अटॅक मात्र नाही. त्यामुळे अटॅक हा 'अपघात' होता आणि कामाच्या ताणानेच आला, हे घरच्यांनी दाखवायचं.

सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल पाहा. 2006 मध्ये गाडीवरच्या क्लीनरच्या घरच्यांना नकार मिळाला, कारण ताणाचा पुरावाच नव्हता. 2012 मध्ये ड्रायव्हरच्या घरच्यांना भरपाई मिळाली. त्याने दिल्लीहून 1,152 किलोमीटर ट्रक आणला होता, बरं वाटेना म्हणून बाजूला लावला आणि तिथेच कोसळला. किलोमीटर रेकॉर्डवर होते, तेच कामाला आले.

म्हणून पहिल्या दिवशीच पोस्टमॉर्टेम करून घ्या. बॉडी थेट गावी नेऊन अग्नी दिला की निम्मी केस तिथेच संपते. ट्रिपशीट, फास्टॅगचं स्टेटमेंट, जीपीएस, मालकाचे रात्रीचे कॉल हे सगळं आठवड्याभरात गोळा करा, नंतर कोणी देत नाही. मालकाला लेखी नोटीस द्या. दावा दोन वर्षांच्या आत लावा. माणूस ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर मात्र दावा तिकडेच.

रकमेचा अंदाज घ्या. वय 40, महिन्याचा पगार 22,000. पण 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेप्रमाणे हिशोबात 15,000 च धरतात. त्याचे निम्मे 7,500, गुणिले कायद्यात 40 वयासाठी दिलेला आकडा 184.17, म्हणजे 13,81,275 रुपये. एका महिन्यात दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज.

आणि दशक्रियेच्या आधीच मालक पन्नास हजार हातावर ठेवून स्टॅम्प पेपरवर सही मागतो. असा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दच ठरतो. मृत्यूची भरपाई असे दावे ऐकणाऱ्या सरकारी सक्षम अधिकाऱ्याकडेच (जुन्या कायद्यात आयुक्त) जमा करावी लागते.

माझं स्पष्ट मत आहे, ताण सिद्ध करायचं ओझं विधवेवर टाकणं अन्याय आहे. ड्यूटीचे तास मालकाच्या वहीत असतात. ती वही त्यानेच कोर्टात आणावी, नाही आणली तर ताण होता असंच धरावं.