चालते, पण ओढत नाही

जुनी गाडी सरळ बंद पडली तर बरं असतं. बंद गाडीबद्दल दुमत नसतं. टो करायची, मिस्त्रीच्या दारात सोडायची आणि मोकळं व्हायचं. खरा छळ मांडते ती चालणारी गाडी. ती एका चावीत सुरू होते, सिग्नलला शहाण्यासारखी उभी राहते आणि चढ दिसला की अवसान गाळते. ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवला तरी इंजिन नुसतं घुमत राहतं आणि आरपीएमचा काटा तीन हजारांच्या पुढे सरकायला तयार नसतो. मागचा ट्रक हॉर्न मारतो. मालाने गच्च भरलेला ट्रक. मग तो आपल्याला ओव्हरटेक करतो आणि क्लीनर खिडकीतून आपल्याकडे बघतो. तो काही बोलत नाही, हे जास्त लागतं.

गाडीला पिकअप नाही, एवढं आपण चारचौघांत बोलायचा अवकाश, निदानांचा पाऊस पडतो. कोणी बॉनेट उघडा म्हणत नाही, त्याची गरजच नसते. शेजारच्या काकांच्या मते जगातल्या सगळ्या व्याधींचं मूळ पेट्रोल. "पंप बदल. भेसळ असते रे." मेव्हण्याला याहून हलकं काही झेपत नाही. "दाजी, पिस्टनच्या रिंगा गेल्यात. इंजिन खोलावं लागणार." हे तो इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगतो की नातेवाइकांना कळवावंसं वाटतं. ऑफिसातला एक जण धूरतज्ज्ञ निघाला. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा दाट धूर थांबतच नसेल तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय. हे सगळं बरोबर आहे. फक्त माझ्या गाडीतून कुठल्याच रंगाचा धूर येत नव्हता, त्यामुळे त्याचा गाडीतला रस संपला. बायकोचं निदान एका शब्दाचं होतं. "विका."

पहिल्या गॅरेजवाल्याची पद्धत अशी की आधी पार्ट बदलायचा आणि मग गाडीला विचारायचं, कसं वाटतंय? एअर फिल्टर बदलला. फ्युएल फिल्टर बदलला. प्लग बदलले. काढलेले जुने प्लग मी हातात घेऊन पाहिले, तर टोकं छान फिकट तपकिरी. काजळी नाही, तेलकटपणा नाही, म्हणजे आतलं जळण व्यवस्थित होतं. तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "साहेब, दिसायला चांगले असतात." मग त्याने स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, काही दोष नाही. या यंत्राबद्दल लोकांचा उगाच गैरसमज आहे. ते पार्टचं नाव सांगत नाही, तक्रार सांगते. मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, एवढंच ते कळवणार. मग हवा कुठून चोरून शिरतेय, पंप दमलाय की सेन्सरच थापा मारतोय, हे शोधणं आपल्याकडेच. आणि जिथे तक्रार ऐकायला सेन्सरच बसवलेला नाही, तिथे ते गप्प बसतं. शेवटी तो गाडी घेऊन स्वतः चक्कर मारून आला. सपाट रस्त्यावर, एकटा, एसी बंद करून. "मस्त चालतेय की!" गॅरेजच्या आवारात प्रत्येक गाडी गुणी होते, यावर कोणीतरी संशोधन करायला हवं.

इंजिनाचं म्हणणं तसं फार नसतं. ओटोने 1876 साली चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं, तेव्हापासून त्याच्या मागण्या त्याच आहेत. हवा आत घ्या, दाबा, पेटवा, बाहेर सोडा. पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते. चार सिलिंडरचं इंजिन तीन हजार आरपीएमवर सेकंदाला शंभर ठिणग्या मागतं. त्यातली एखादी चुकली तर गाडी मिसिंग मारते आणि ते आपल्याला बसल्या जागी कळतं. माझी मिसिंग मारत नव्हती. अगदी एकसुरात अशक्त होती.

दुसरा मिस्त्री वयस्कर आणि कमी बोलणारा. इंजिनाला हात लावायच्या आधी तो मला घेऊन एक चक्कर मारून आला आणि उतरल्या उतरल्या चारही चाकांजवळ हात नेऊन आला. एखादा ब्रेक धरून राहिला असेल तर ते चाक तापतं आणि लोक उगाच इंजिनाला शिव्या घालतात. चाकं गार. क्लच स्लिप होत असता तर आरपीएम चढला असता आणि वेग नसता वाढला. तेही नाही. मग मला आत बसवून म्हणाला, "पूर्ण दाबा," आणि बाहेरून बघितलं की थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतंय ना. कधी कधी पायाखालचं मॅटच पेडलच्या आड येतं म्हणे. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. चारही सिलिंडर दीडशे पीएसआयच्या वर, आपसात दहा टक्क्यांचाही फरक नाही. रिंगा शाबूत. मी तिथूनच मेव्हण्याला फोन लावला. त्याने उचलला नाही.

मग त्याने इनटेकला, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या वाटेला, ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज जोडला. गाडी उभी असताना काटा स्थिर, अगदी सज्जन. "अडीच हजारावर धरून ठेवा." मी धरून ठेवलं. काटा जागेवर थांबायच्या ऐवजी हळूहळू खाली यायला लागला, सभेत डुलकी लागलेल्या अध्यक्षांच्या मानेसारखा. मिस्त्री पहिल्यांदा हसला.

"श्वास घेते. सोडता येत नाहीये."

धूर बाहेर नेणाऱ्या नळीवरचा पुढचा ऑक्सिजन सेन्सर त्याने खोलून बाजूला ठेवला, तेवढीच धुराला वाट. आणि आम्ही पुन्हा चढावर गेलो. आवाज असा की रस्त्यावरची कुत्री उठून बसली. पण गाडी! तीन हजार, चार हजार, साडेचार. मी इतका ओरडलो की मिस्त्रीने पट्टा चाचपला.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुराच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा डबा, तुंबला होता. तो का तुंबला, ते आधीच्या मालकाने गाडीबरोबर दिलेल्या बिलांच्या फायलीत सापडलं. एक इग्निशन कॉइल बदललेली होती. मिस्त्रीचा तर्क असा, की ती बदलेपर्यंत गाडी बरेच दिवस तीन सिलिंडरवर पळाली असणार. चौथ्यातलं न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कन्व्हर्टरमध्ये पेटलं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळून बसली. कॉइल बदलली, मिसिंग गेलं, बूच तेवढं राहिलं. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा मिणमिणायला लागला की लोक त्याच्याकडे सजावट म्हणून का बघतात, देव जाणे.

नवा कन्व्हर्टर बसला. जुना मी हट्टाने घरी आणला. हलवला की आत खुळखुळ वाजायचा आणि एका तोंडाने बॅटरी मारली तर दुसऱ्या तोंडाने उजेड दिसायचा नाही. काकांना दाखवला. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ आत पाहिलं, नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"बघ," ते म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? पेट्रोल."