कात्रीवाल्या ताई आणि आजची मुंज

रात्रीचे पावणेबारा झालेत. सकाळी ही पोस्ट टाकायची हिंमत होणार नाही, म्हणून आत्ताच टाकतोय. ज्यांच्याबद्दल आहे ते इथे फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. असू देत. वाचू देत.

आज चुलतभावाच्या मुलाची मुंज होती. कर्वेनगरातलं कार्यालय, तीनशे माणसं, स्पीकरवर सनई, त्यावर माईकवरून गुरुजी, त्यावर प्रत्येकाचं आपापलं. आमचा पोरगा पंधराचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पूर्वी ज्याला ॲस्पर्गर म्हणायचे, ते. आता ऑटिझम स्पेक्ट्रम, लेव्हल वन म्हणतात, म्हणजे त्यातली सगळ्यात कमी आधार लागणारी पातळी. (नाव लिहीत नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "माझं नाव लिहायचं कारण काय?" कारण सापडलं नाही.) असल्या गर्दीत तो मोठे हेडफोन लावून बसतो. गाणी ऐकत नसतो. आवाज थोडा लांब जावा म्हणून लावतो, एवढंच.

तर पंगतीत आमचे एक काका शेजारच्यांना पुण्याच्या पाण्याचा प्रश्न समजावून देत होते. "चारी धरणं मिळून असतील वीस-बावीस टीएमसी." हेडफोन लावूनही धरण हा शब्द आमच्या पोराला ऐकू येतो. मान वर न करता तो म्हणाला, "29.15. खडकवासला 1.97, पानशेत 10.65, वरसगाव 12.82, टेमघर 3.71. तुम्ही चुकीचं सांगताय."

झालं. "मोठ्यांशी बोलताना आधी कानातलं ते काढायचं," असं म्हणत काकांनी स्वतःच्या हाताने हेडफोन ओढून काढले. नेमका त्याच वेळी बटूच्या मित्रांनी स्पीकर वाढवला. पुढची दोन मिनिटं लिहीत नाही. मठ्ठा सांडला, पोरगा टेबलाखाली गेला, कान दाबून ओरडला, तीनशे माणसं बघत राहिली. कुणीतरी मोबाइलही वर केला होता. ते कोण होतं ते मला माहीत आहे.

तरी पोस्ट काकांवर नाही. काका असेच आहेत, ते अंत्ययात्रेतसुद्धा सूचना देतात. ही पोस्ट लिहायला बसलो ते त्यानंतर आत्या हात धुताना जे बोलल्या त्यासाठी. "तुम्ही त्या ग्रुपात जायला लागल्यापासून हे जास्त झालंय बघ. रडणाऱ्यांच्यात बसलं की माणूस रडकाच होतो. नॉर्मल मुलांच्या आईबापांत मिसळा जरा."

मी "हो हो" म्हणालो. कार्यालयात आपण सगळे हो होच म्हणतो.

आता सांगतो आमच्यासारख्या आईबापांच्या त्या ग्रुपात काय चालतं.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पोरगा सहा वर्षांचा, निदान होऊन महिनाच झालेला. थेरपी सेंटरमध्ये मी त्याला पहिल्यांदाच एकटा घेऊन गेलो होतो, हिला सुट्टी नव्हती. नवाकोरा शर्ट घातला होता, आजीने पाठवलेला. जिना चढेपर्यंत त्याने सुरू केलं ते थांबेचना. मान हलवतोय, शर्ट ओढतोय, जमिनीवर लोळतोय. मी आधी समजावलं, मग बिस्कीट दिलं, मग मोबाइल दिला, मग, खोटं कशाला बोलू, दंडाला धरून हलवला. बाकावर एक बाई बसल्या होत्या. सुती साडी, मांडीवर डब्याची पिशवी. त्या उठल्या, पर्समधून छोटी कात्री काढली, आणि माझ्याकडे न बघता पोरापाशी उकिडव्या बसल्या. त्याला विचारलं, "मागे टोचतंय ना? कापू का?"

तो थांबला. मान पुढे केली. त्यांनी कॉलरच्या आतलं लेबल टाके उसवून काढलं, त्याच्या तळहातावर ठेवलं. "हे टोचत होतं. घे." बस्स. पाच मिनिटांत तो त्या लेबलवरचे धुण्याचे नियम वाचत बसला होता.

मला त्यांनी एकच विचारलं, "तुम्ही सकाळपासून काही खाल्लंय का?"

गेल्या महिनाभरात मला चौदा जणांनी सल्ले दिले होते. खाल्लंय का, हे कुणी विचारलं नव्हतं. मी पोळीचा रोल खाल्ला आणि त्या बाकावर मला रडू आलं. तेव्हा आत्या, रडण्याबद्दल तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. एकदा रडलो. नऊ वर्षांत एकदा.

त्या बाई म्हणजे आमच्या कात्रीवाल्या ताई. हडपसरहून दोन बसेस बदलून यायच्या. त्यांचा मुलगा आमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्या बाकावरूनच आमचा रविवारचा कट्टा सुरू झाला. आधी तीन घरं, आता अकरा. पाळीपाळीने एकेकाच्या घरी. अजेंडा नाही, भाषण नाही, मेणबत्ती नाही. चपला बाहेर जोडीने लावायच्या, कारण दोन मुलांना त्याशिवाय आत येता येत नाही, एवढा एकच नियम.

आणि बोलतो काय? मशीन न वापरता कात्रीने केस कापणारा न्हावी कुठे आहे. कुठली दंतवैद्य आधी खुर्ची वरखाली करून दाखवते. गणपतीचे दहा दिवस ढोलांपासून लांब कुठल्या गावी जाता येईल. दहावीला जादा वेळ आणि लेखनिक हवा तर कागद कधीपासून जमवायचे. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, हे मला कुठल्या कार्यालयातून नाही कळलं, ताईंच्या ओट्यावर चहा गाळताना कळलं. प्रमाणपत्रासाठी चाळीस प्रश्नांची एक चाचणी असते, चाळीस टक्क्यांच्या खाली भरलं तर बहुतेक सवलती नाहीत, हेही तिथेच. आमच्या पोराला घेऊन मी सरकारी रुग्णालयात गेलो तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, "हा तर बोलतो की छान. मग कसला ऑटिझम?" बोलतो हो. धरणांबद्दल तासभर बोलतो. वर्गातलं पोरगं त्याला रोज "तू माझा बेस्ट फ्रेंड, डबा दे" म्हणून डबा खातं, हे त्याला दोन वर्षं कळलं नाही. ते कुठल्या रकान्यात भरू?

अशा मुलांच्या आईबापांची ही वेगळीच पंचाईत असते. पोर दिसायला "नीट" असतं. त्यामुळे लोकांना दोनच गोष्टी दिसतात, आगाऊ मूल आणि संस्कार नसलेले आईबाप. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात, त्या शब्दावर माझा वेगळाच राग आहे. आमचा कुठला स्वमग्न? त्याला स्वतःत काडीचा रस नाही. तो धरणमग्न आहे.

आणि "आईने नोकरी सोडली असती तर," हे आज परत दोघींनी ऐकवलं. मला नाही, हिला. मला कुणी कधीच म्हणत नाही. अमेरिकेत एके काळी मोठे मोठे डॉक्टर सांगायचे की आई थंड, मायेची नाही, म्हणून मूल असं होतं. "रेफ्रिजरेटर मदर" म्हणायचे. आपल्याकडे फ्रीजऐवजी नोकरी म्हणतात, इतकाच फरक. ते थोतांड 1964 साली पुस्तक लिहून खोडून काढलं ते बर्नार्ड रिमलंड यांनी. नौदलात मानसशास्त्रज्ञ होते, आणि ऑटिस्टिक मुलाचे बाप. बाप, आत्या. पुढच्याच वर्षी त्यांनी तिथल्या पालकांना जमवून संघटना काढली. त्याच्या तीन वर्षं आधी लंडनमध्ये काही आईबाप असेच एकत्र आले होते. त्यांच्यात लोर्ना विंग होत्या, स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आणि एका ऑटिस्टिक मुलीची आई. 1981 मध्ये "ॲस्पर्गर सिंड्रोम" हे नाव त्यांनीच रूढ केलं. आपल्या दिल्लीत 1991 ला ॲक्शन फॉर ऑटिझम उभी केली मेरी बरुआ यांनी, त्याही आईच. हे सगळे रडणारे बरं का. रडणाऱ्यांनी शाळा काढल्या, डॉक्टरांना खोटं पाडलं. तुमच्या नॉर्मल आईबापांच्या ग्रुपवर काय चालतं ते मी पाहिलंय. गुड मॉर्निंग आणि कोचिंग क्लासची फी.

हे जरा जास्त झालं. राहू दे, खोडत नाही.

आमचा कट्टा म्हणजे काही पंढरी नाही, हेही मान्य करतो. तिथेही तुलना चालते. "आमचा निदान एकटा बसने जातो," हे वाक्य तिथेही जपून टाकलं जातं आणि नेमकं लागतं. एक बाबा वर्षभर उंटिणीच्या दुधाचे फॉरवर्ड टाकत होते. एका घराने स्टेम सेल उपचारांसाठी कर्ज काढलं, बाकी सगळी घरं मिळूनही आम्ही ते थांबवू शकलो नाही. पुढे 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑटिझमसाठी ते उपचार करू नयेत असं सांगितलं, तेव्हा त्यांचे हप्ते चालूच होते. मग नावावरून भांडण झालं. डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या अमेरिकेच्या मॅन्युअलने ॲस्पर्गर हे नाव 2013 लाच काढलं होतं, आणि 2018 मध्ये त्या हान्स ॲस्पर्गरबद्दल बाहेर आलं की त्याने व्हिएन्नात अपंग मुलांना अशा संस्थेत पाठवायला हातभार लावला जिथे नाझी मुलांना मारत होते. अर्धे म्हणाले, हे नाव आपल्या घरात नको. अर्धे म्हणाले, आत्ता कुठे लोकांना हे नाव पाठ झालंय. कात्रीवाल्या ताईंचा मुलगा कोपऱ्यात बसला होता, तो म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाही." खोलीत चमच्याचा आवाज नाही.

कापू का, असं विचारायचं आपलंही राहून जातं. बाकीचं जग सोडा.

मागच्या वर्षी माझे सासरे गेले. रात्री दोनला फोन. हिला पोचायचं होतं, मला गाडी काढायची होती, पोराला कुठे ठेवणार? ताईंना फोन केला, पहाटे चारला त्यांचा नवरा रिक्षा करून दारात. आम्ही घाईत पोराला सांगून बसलो होतो की आजोबा देवाघरी गेले. तो विचारत होता, "कुठल्या देवाच्या? किती दिवसांसाठी?" ताईंनी त्याला नाश्ता दिला आणि सांगितलं, "आजोबांचं हृदय बंद पडलं. ते मेले. परत येणार नाहीत. उद्या तुमच्या घरी खूप माणसं येतील, काही रडतील. तुला आतल्या खोलीत बसायची मुभा आहे." तो तेरा दिवस शहाण्यासारखा राहिला. नंतर एका रात्री माझ्याकडे येऊन म्हणाला, "आजोबा मला पानशेत फुटल्याचं सांगायचे. 12 जुलै 1961. आता कोण सांगणार?" ज्यांना आमचा पोरगा भावनाशून्य वाटतो, त्यांनी हे वाचावं.

आता मुंजीकडे परत येतो, कारण एक गोष्ट मी मघापासून टाळतोय.

आज सकाळी पोराने टीशर्ट काढून ठेवला होता. जुना, मऊ, धुऊन धुऊन विटलेला. मी म्हणालो, आज नको. काकांनीच दिवाळीला दिलेला जरीचा कुर्ता होता, स्टँड कॉलरचा. चार लोक बघतील, काकांनाही बरं वाटेल. पोरगा म्हणाला, टोचतंय. मी म्हणालो, दोन तासांचा प्रश्न आहे. गाडीत बसताना म्हणाला, टोचतंय. कार्यालयाच्या दारात तिसऱ्यांदा म्हणाला. मी म्हणालो, आता बास हं.

म्हणजे काकांनी हेडफोन ओढले तोवर तो दीड तास ती जरीची पट्टी मानेवर सहन करत बसला होता, माझ्यासाठी. माझ्या नेहमीच्या बॅगेत नऊ वर्षं एक छोटी कात्री असते. आज चांगल्या कपड्यांवर बॅग नको म्हणून घरी ठेवली होती.

काकांवर एवढं लिहिलं. असो.

पार्किंगमध्ये गाडीत बसून त्याने स्वतःच कुर्ता काढला, मान लालेलाल. मी ताईंना फोन लावला. सगळं सांगितलं, कुर्त्याचंही. वाटलं, आता त्या म्हणतील, तुम्हाला तरी कळायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "मी गेल्या आठवड्यात तेच केलं. भाच्याच्या साखरपुड्याला. बूट." थोड्या वेळाने म्हणाल्या, "जेवलात का?"

आत्या, हे तुमच्या नॉर्मल लोकांत मिळत नाही. मी शोधलंय.

उद्या कट्टा आमच्याकडे आहे. हिने रात्रीच पोह्यांसाठी कांदे काढून ठेवलेत, चिरायचे मीच आहेत. पोरगा आत्ता पाणी प्यायला उठला होता. कुर्ता सोफ्यावर होता, त्याच्याकडे बघून म्हणाला, "हा परत द्यायचा का काकांना?" मी म्हटलं, ठेवू की, कॉलर काढून टाकू. तो म्हणाला, "बाबा, कॉलर काढली तरी जरी राहते." मी विचारलं, मग काय करायचं? म्हणाला, "ताईंना विचार उद्या." आणि दिवा बंद करून गेला. मी अजून इथेच बसलोय हे त्याच्या लक्षात आलं नाही. अंधारातच टाइप करतोय.